संशोधकांचा सन्मान आणि धाराशिवचे ऋण

प्रतिवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची नामावली प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुशिक्षितांच्या घरोघर ती मोठ्या उत्सुकतेने वाचली जाते. आपल्या प्रांताचे, आपल्या जिल्ह्याचे, साधल्यास आपल्या ओळखीचे एखादे नाव तीत आहे काय, हे पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. त्या नामावलीत वैद्यकीय संशोधकाचे नाव आढळले की आम्हांस विशेष समाधान वाटते. कर्करोगावरील मूलभूत संशोधनाबद्दल डॉ. कमल रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. महाडसारख्या गावी राहून विंचूदंशावरील उपचारांचा ध्यास घेणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. असे सन्मान योग्य व्यक्तींपर्यंत पोचले की त्या पुरस्कारांचीच प्रतिष्ठा वाढते, यांत संशय नाही.

परंतु संशोधकाचा सन्मान पदकाने पुरा होतो काय, हा प्रश्न विचारावयास हवा. डॉ. बावसकरांच्या बाबतीत पदक बऱ्याच उशिरा आले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांनी सांगितलेले औषध कोकणातील दवाखान्यांत दिले जात होते आणि विंचवाच्या विषाने दगावणारी मुले वाचू लागली होती. त्यांचा खरा गौरव त्या मुलांच्या घरी आधीच होऊन गेला होता. जे शोधून काढले ते ज्यांच्यासाठी शोधले त्यांच्या उपयोगी पडावे, ही संशोधकाची पहिली आणि शेवटची इच्छा असते. ती सफल झाली तर पदक नसले तरी चालते. ती विफल झाली तर छातीवर कितीही पदके लटकली तरी ती शोभेचीच ठरतात. या कसोटीवर आमच्या धाराशिव जिल्ह्यात घडलेल्या एका फार मोठ्या संशोधनाची आजची स्थिती तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते. ती तपासली असता आम्हां सर्वांनाच मान खाली घालावी लागेल.

जागतिक वैद्यकाच्या वाङ्मयात धाराशिवचे नाव फार आदराने घेतले जाते, हे आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? तेथे ते ‘उस्मानाबाद’ या जुन्या नावानेच नोंदले गेले आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. परंतु २००९ साली छापलेला शोधनिबंध बदलत नसतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग कोणत्या तपासणीने वेळीच सापडतो आणि कोणत्या तपासणीने त्यापायी होणारे मृत्यू खरोखर कमी होतात, या प्रश्नाचे जगाला मिळालेले अत्यंत महत्त्वाचे उत्तर याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मिळाले आहे.

या रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल भारतीय स्त्रियांचा सर्वाधिक बळी घेणारा हा कर्करोग होय. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षी भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांना तो जडला आणि जवळजवळ ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे, ज्यास संक्षेपाने एचपीव्ही म्हणतात, हा रोग उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास हा संबंध दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्वत्र आढळतो की तो अंगी येण्यात कोणाच्याही चारित्र्यास बट्टा लागत नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो आणि दहापंधरा वर्षांच्या संथ गतीने पेशींत बिघाड घडवून आणतो. म्हणजे हा शत्रू अवचित झडप घालणारा नव्हे. तो दाराशी वर्षानुवर्षे उभा असतो. दार उघडून पाहणारे कोणी असेल तर त्यास वेळीच हाकलता येते. खेड्यातील स्त्री मात्र रक्तस्राव असह्य झाल्यावर, घरची कामे उरकल्यावर आणि पैशांची तजवीज झाल्यावर डॉक्टरकडे जाते आणि तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

धाराशिवच्या कार्याची पूर्वपीठिका शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे आहे. परंडा आणि भूम या तालुक्यांतील माणसांना बाजारहाटासाठी आणि औषधपाण्यासाठी बार्शी ही जवळची पेठ. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा ग्रामीण कर्करोग प्रकल्प यांच्या आश्रयाने १९८७ साली एक उपक्रम सुरू झाला. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत कोणास कोणता कर्करोग झाला याची गावोगाव जाऊन नोंद ठेवण्याचे ते काम होते. ग्रामीण भागातील लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली कर्करोग नोंदणी. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि रोगप्रसारशास्त्राच्या अभ्यासक डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

या नोंदणीची पद्धत शहरातील नोंदणीहून निराळी होती. शहरात रुग्णालयांच्या दप्तरांतून माहिती मिळते. खेड्यातील रोगी दप्तरापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रकल्पाचे कार्यकर्ते स्वतः गावांत जात, चावडीवर आणि ओसरीवर बसून कर्करोगाची लक्षणे समजावून देत आणि संशय येईल त्यास बार्शीला आणीत. मोजणीसाठी गेलेली माणसे अशा रीतीने शिक्षकही बनली. काही वर्षांनी असे दिसून आले की, या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा रोगाच्या लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. केवळ बोलण्याने, समजावण्याने एवढा फरक पडला होता. अडाणी म्हणून आपण ज्यांची संभावना करतो ती माणसे नीट सांगितले तर ऐकतात, हा धडा त्यातून मिळाला. आम्ही अनेक वर्षे वर्गात फळ्यापुढे उभे राहिलो आहोत. विद्यार्थ्यास समजले नाही तर दोष आधी शिकविणाऱ्याकडे पाहावा, हे आमचे तेथील मत या अनुभवाने पक्केच होते.

या भूमीवर पुढचे मोठे काम उभे करण्याचे श्रेय डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन यांच्याकडे जाते. तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रात काम केलेले हे डॉक्टर पुढे फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेले आणि रोगाच्या आगाऊ तपासणीचे शास्त्र हेच त्यांचे जीवितकार्य झाले. केरळात त्यांनी तोंडाच्या कर्करोगावर प्रयोग केला. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांचे तोंड शिकविलेल्या कार्यकर्त्याने नुसते नीट पाहिले तरी मृत्यू कमी होतात, असे त्यातून निघाले आणि ‘लॅन्सेट’ने ते २००५ साली प्रसिद्ध केले. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात त्यांनी दुसरा प्रयोग केला. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी केली असता त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, असे २००७ साली दिसून आले. या कार्यकर्तृत्वातील तिसरे आणि आमच्या मते सर्वांत दूरगामी पर्व धाराशिवचे होय. त्यात डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. जयंत यांच्यासह एकूण १८ संशोधक सहभागी होते. त्या यादीतील शेवटचे नाव टाटा स्मारक रुग्णालयाच्या तत्कालीन संचालिका डॉ. केतायून दिनशॉ यांचे आहे. त्यांना २००१ साली पद्मश्री मिळाली होती. २०११ साली त्यांचे निधन झाले.

प्रयोगाची मांडणी अशी. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये आरंभ झाला. जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले आणि त्यांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यासात समावेश झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने या गटांचे चार भाग केले. पहिल्या भागात विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी. दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, जिला पॅप तपासणी म्हणतात. तिसऱ्यात आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे. आणि चौथ्या भागात नेहमीची जी वैद्यकीय सोय उपलब्ध होती तीच. तपासणी प्रत्येक स्त्रीची एकदाच व्हावयाची आणि नंतर सर्वांचा आठ वर्षांपर्यंत माग ठेवावयाचा. अवर्षणाने गांजलेल्या, ऊसतोडीसाठी माणसे बाहेर जाणाऱ्या जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा इतका काळ माग ठेवणे हे काम केवढे चिकाटीचे, हे सांगावयास नकोच. आणि ज्या स्त्रियांना ‘त्या जागेची’ तपासणी हा शब्दही उच्चारणे अवघड, त्यांनी किती मोठ्या संख्येने साथ दिली! विषाणूचाचणीच्या भागात पाचांपैकी सुमारे चार जणी तपासणीस आल्या.

२००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगन्मान्य नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या भागातील ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींत कर्करोग आढळला. परंतु त्यांतील केवळ ३९ जणींचा रोग पुढच्या अवस्थेत गेलेला होता. तपासणी न झालेल्या भागातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ११८ जणींत रोग आढळला आणि त्यांतील ८२ जणींचा रोग बळावलेला होता. मृत्यू पहिल्या भागात ३४ झाले, तर चौथ्या भागात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूचाचणीने या रोगाने मरण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पॅप तपासणी आणि डोळ्यांनी केलेली तपासणी यांनी मात्र या जिल्ह्यात मृत्युसंख्येत निश्चित म्हणता येईल असा फरक पडला नाही. नोबेल पारितोषिकाच्या घोषणेस तेव्हा पुरते सहा महिनेही उलटले नव्हते. रोगाचे मूळ जर्मनीच्या प्रयोगशाळेत सापडले. ते हाती आल्यावर बाईचा जीव कसा वाचवावा, याची खात्री परंडा-भूमच्या परिसरात पटली. आमच्या दृष्टीने या दोन घटनांचे मोल सारखेच आहे.

जगाने हा धडा घेतला. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा कर्करोग समूळ हटविण्याचा संकल्प सोडला. २०३० सालापर्यंत प्रत्येक देशाने ९० टक्के मुलींना लस द्यावी, ७० टक्के स्त्रियांची भरवशाच्या चाचणीने पस्तिशीपर्यंत एकदा व पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासणी करावी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार करावेत, असे उद्दिष्ट ठरले. २०२१ साली त्या संघटनेने विषाणूचाचणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली. ज्या पुराव्यांच्या आधारावर हे घडले त्यांत धाराशिवचा पुरावा अग्रभागी आहे. लसीच्या बाबतीतही हा परिसर मागे नाही. एकाच मात्रेने संरक्षण मिळते काय, याचा उलगडा करणारा मोठा अभ्यास भारतातील ज्या केंद्रांत झाला त्यांत बार्शीचा समावेश होता. आणि २०२२ साली जागतिक संघटनेने एका मात्रेस मान्यता दिली.

आता आपल्या घराकडे वळून पाहावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांना, तुमची ही तपासणी कधी झाली होती काय, असे विचारण्यात आले. होय म्हणणाऱ्या स्त्रिया देशभरात शेकडा १.९ निघाल्या. शंभरात दोन देखील नव्हेत! शासनाने २०१६ साली ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत पद्धत मात्र डोळ्यांनी पाहण्याचीच सांगितली. त्या पद्धतीचा लाभ दिंडिगलमध्ये आणि डॉ. शास्त्रींच्या मुंबईतील प्रयोगात दिसून आला होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती पद्धत पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असते आणि हजारो उपकेंद्रांत तो सराव कायम राखणे दुर्घट असते. ज्या चाचणीने धाराशिवच्या बायका वाचल्या ती चाचणी अद्याप सर्वसामान्य स्त्रीच्या नित्य वाट्यास आलेली नाही. आमच्या मातीत पिकलेले धान्य परदेशच्या कोठारांत गेले आणि आमचे ताट रिकामे राहिले, असा हा प्रकार आहे.

येथे एका कठोर प्रश्नास सामोरे गेले पाहिजे. चौथ्या भागातील त्या ३१,४८८ स्त्रियांचे काय? पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीची उपयुक्तता आधीच मान्य झालेली असताना, आमच्या खेड्यांतील हजारो स्त्रियांना तपासणीवाचून का ठेवले, असा आक्षेप पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी घेतला. त्यावर संशोधकपक्षाचे म्हणणे असे की, या भागात त्या काळी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती. ज्यांना काहीच मिळत नव्हते त्यांच्याशी तुलना केल्यावाचून कोणती पद्धत येथे चालेल हे कळले नसते आणि पॅप तपासणी या परिस्थितीत अपुरी पडते हेही उघडकीस आले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमचे मत असे की, त्या चौसष्ट मृत्यूंचा दोष एकट्या संशोधकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्या मृत्यूंचा विसर पडू देणे हा त्याहून मोठा अन्याय होईल. त्या स्त्रिया न तपासल्या गेल्यामुळे जगाला ज्ञान मिळाले. ज्याच्या नुकसानीतून आपले ज्ञान वाढले त्याचे आपण ऋणी असतो, हा साधा व्यवहार आहे. आणि हे ऋण संशोधकांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, शासनाचे आणि समाजाचे आहे. कारण तपासणीची सोय ‘उपलब्ध नसणे’ ही स्थिती संशोधकांनी निर्माण केलेली नव्हती. ती आम्ही सर्वांनी चालवून घेतलेली होती.

यावर खर्चाची अडचण पुढे केली जाईल. विषाणूचाचणी महाग आहे, तिला यंत्रे लागतात, तज्ज्ञ लागतात, असे सांगण्यात येईल. १९९९ साली हे म्हणणे रास्त होते. आज देशी बनावटीच्या चाचण्याही तयार झाल्या आहेत आणि स्त्रीने स्वतःच नमुना घेऊन देण्याची सोयही आहे. तिच्यामुळे लज्जेचा अडसर पुष्कळ अंशी दूर होतो. शिवाय ही चाचणी वर्षोवर्षी करावयाची नाही. पाच ते दहा वर्षांतून एकदा केली तरी पुरते. एका स्त्रीचा रोग बळावल्यावर होणारा उपचारांचा खर्च, सोलापूर-मुंबईच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि आईवाचून पोरकी झालेली मुले यांचा हिशेब मांडला तर महाग कोणते आणि स्वस्त कोणते हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. स्त्रिया येणार नाहीत ही दुसरी सबब तर याच जिल्ह्याने पूर्वीच खोटी ठरविली आहे.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. विषाणूचाचणीचा नित्य कार्यक्रम महाराष्ट्रात सर्वत्र व्हावाच, परंतु त्याचा प्रारंभ धाराशिव जिल्ह्यातून व्हावा. जिल्ह्यातील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीस ही चाचणी विनामूल्य मिळावी. आशा सेविका आणि परिचारिका यांच्याकरवी घरोघर निरोप जावा; दोष आढळलेल्या प्रत्येक स्त्रीच्या उपचारांची जबाबदारी निश्चित व्हावी, कारण उपचारावाचून तपासणी ही निव्वळ भीती पेरणे होय; आणि किती जणींची तपासणी झाली याचे आकडे प्रतिवर्षी जाहीर व्हावेत. त्या प्रयोगात सहभागी झालेल्या स्त्रियांपैकी ज्या हयात आहेत त्या आज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या मुलींची आणि सुनांची चाचणी करण्याचे वय आता झाले आहे, आणि नातींचे वय लसीचे आहे. एकाच घरात तिन्ही पिढ्यांचा हिशेब चुकता करण्याची ही संधी आहे.

शहरातील सुशिक्षित वर्गासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही उपेक्षा केवळ खेड्यांत आहे अशा भ्रमात त्याने राहू नये. मोटार आणि विमा यांच्या तारखा ज्यांच्या घरी भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिलेल्या असतात, त्या घरांतील किती गृहिणींची ही चाचणी झाली आहे, याची चौकशी प्रत्येकाने आपल्याच घरापासून करावी. संकोच हे शिक्षणाचे लक्षण नव्हे. नवऱ्याने बायकोस, मुलाने आईस याविषयी विचारण्यात काहीही गैर नाही.

डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. जयंत आणि त्यांचे सहकारी यांना जगातील विद्वानांनी मानले आहे. परंतु निबंधात नावे छापली न जाणाऱ्या, उन्हातान्हात गावोगाव हिंडलेल्या परिचारिका आणि कार्यकर्ते, आणि विश्वासाने पुढे आलेल्या लाखावर स्त्रिया यांना कोणते पदक देणार? त्यांच्या पदकाची यादी दिल्लीहून प्रसिद्ध होत नसते. जिल्ह्याच्या आरोग्य अहवालात ज्या वर्षी या रोगाने मेलेल्या स्त्रियांचा आकडा उतरू लागेल, त्या वर्षी ती प्रसिद्ध होईल. तोवर संशोधकांच्या सत्कारसभांत धाराशिवचे नाव अभिमानाने घेण्याचा अधिकार आपण मिळविलेला नाही.